डाव्या हाताच्या चिठ्ठ्या

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण आंधळगावात आमच्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, गोपीचंद साउंड. तीस वर्षं, लग्न असो का भजन, आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर हेच बसले. यंदा दिवाळीनंतर यायले लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. माह्या देरानं, भूपेंद्रनं, लगेच त्या मशीनले गिऱ्हाईक पाहून ठेवलं. मी म्हटलं, कोंढ्याच्या भजन स्पर्धेची ऑर्डर आधीच घेतली आहे, तेवढी मले करू द्या. बिघडली तर खुशाल न्या मशीन.

मंग हे आठ दिवस चिकटपट्टी घेऊन मिक्सरसमोर बसले. डाव्या हातानं एकेका बटनाखाली चिठ्ठी लावून राहिले होते. खरं सांगू, थे अक्षर पाहून माह्या डोक्यात तिडीक गेली. एक अक्षर पूर्वेले, एक पश्चिमेले. वाद्याचं नाव कुठंच नाही, नुसती माणसांची नावं, अन् नावापुढं काहीतरी गिचमिड, थे मी वाचलंच नाही. चार गावचे लोक पाहतील अन् हसतील, असं मले वाटलं. मी लाल पेनानं झक्कास पट्ट्या लिहिल्या. पेटी, तबला, खंजिरी, गायक एक, दोन, तीन. त्या यायच्या चिठ्ठ्यांवरच चिकटवून टाकल्या. हे पाहत होते. मंग भिंतीकडं तोंड करून झोपले. मले तेव्हा काहीच वाटलं नाही, जळो मेला माहा स्वभाव.

कोंढ्यात दुपारी गावच्याच मंडळाची पाळी आली. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्या कडव्याले मंडळातल्या बेबीबाईनं आवाज चढवला, अन् माइकनं अशी सीटी मारली का लोकायनं कानावर हात ठेवले. मी घाईनं 'गायक तीन' खाली केला, तर पलीकडं बुढ्या यादोरावचाच आवाज बंद! आता तिसरा म्हणजे या बाजूनं का त्या बाजूनं? बुढा गाता गाता माह्याकडं डोळे वटारून पाहे. पोट्टे हसून राहिले होते. भूपेंद्रही आला होता, स्पीकरपाशी मोबाइल घेऊन उभा. मले समजलं, गिऱ्हाइकाले फोन लावून राहिला हा. गेलं मशीन, आता घरी यायले काय तोंड दाखवू?

हात घामानं ओले झाले होते. माह्या नखात माहीच पट्टी अडकली अन् सुटून आली. खाली यायची चिठ्ठी, 'बेबीबाई. खांबाजवळ. दुसऱ्या कडव्यात चढते. आधीच खाली घे.'

कोंढ्याच्या मंडळात सतरंजीवरची जागा ठरलेली असते. बापाच्या जागेवर लेक बसते, पण जागा कोणी बदलत नाही. थे यायले पाठ होतं, मले नाही. मी भराभर साऱ्या पट्ट्या उपटल्या. 'यादोराव. माइक तोंडात घालते. अर्ध्यावर ठेव.' 'भैयाजी. पेटी जोरात दाबते. खाली ठेव, रागावला तरी ठेव.' जसं लिहिलं तसं करत गेली. सीटी थांबली. मंग टाळ अन् खंजिरी असे एकात एक मिसळले का पोट्टेही गप बसून ऐकू लागले. भूपेंद्रनं मोबाइल खिशात ठेवला. निघताना त्यानंच वायरी गुंडाळल्या, अन् मशीन विकायचं नाही असं गिऱ्हाइकाले सांगतो म्हणाला.

घरी आली तं हे खाटेवर बसून दाराकडं पाहत होते. तोंडानं विचारता येत नाही ना यायले. मी पाणीही प्यायली नाही, खाली बसली अन् तो डावा हात धरला. म्हटलं, तुमच्या चिठ्ठ्या झाकल्या, चुकलं माहं. तुमी लिहून दिलं म्हणून आज लाज राहिली, मशीनही राहिलं. लय उपकार झाले तुमचे. लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाली, असं कधी म्हटलं नव्हतं मी, रडू आलं.

यायनं मान हलवून विचारलं, अजून काय झालं?

"बेबीबाई आली होती माह्यापाशी," मी म्हटलं. "म्हणे, आवाज तर साउंडवाल्या भाऊच्या हातचा होता, आले होते काय थे? मी हो म्हटलं."