पाचव्या रांगेतलं शेवटचं चित्र

मी एक तक्ता. पाढ्यांचा नाही, नकाशाचा नाही. ज्यांना तोंडानं बोलता येत नाही त्यांनी हात ठेवून बोलावं म्हणून केलेला चित्रांचा तक्ता. पाच रांगा, एकेका रांगेत आठ चित्रं, चित्राखाली शब्द, वर चकचकीत प्लास्टिक. दुसऱ्याचं बोलणं वाहून नेणं हा माझा धंदा. आज मात्र स्वतःचं बोलणार आहे. ते ऐकायला तुम्हाला फार बरं वाटेल असं नाही, पण बसा.

माझा जन्म दिल्लीच्या एका विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोंदट खोलीत झाला. हेमांगी नावाची मुलगी तिथं पीएचडी करत होती. न बोलणारी माणसं आपल्या घरच्या भाषेत कशी बोलू शकतील, हा तिचा विषय. दिल्लीत माझ्यासारखे तक्ते मिळतात ते हिंदीत, नाहीतर इंग्रजीत. मराठी घरातल्या मुलीला कंटाळा आला तर तो मराठीतच येतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हेमांगीच्या आलं. पोरगी हुशार, मनाची चांगली. पुढे जे झालं ते सांगताना हे आधी सांगायला हवं.

तिनं मला छापलं आणि मेट्रोनं द्वारकेला नेलं. तिथल्या एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर दिनकरराव आणि प्रभाताई राहायचे. दिनकरराव पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेले, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची एकुलती एक लेक स्वरूपा, सव्वीस वर्षांची. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून हातपाय तिचं ऐकत नाहीत, आणि जीभ तर मुळीच नाही. चाकाच्या खुर्चीत बसायची. 'हो' म्हणायचं असलं की डोळे वर न्यायची. डाव्या हाताची मूठ तेवढी, खूप जोर लावला की, हवी तिथं जायची. कान आणि डोकं मात्र अगदी तल्लख.

त्या दिवशी हेमांगीनं कॅमेरा लावला, मला खुर्चीच्या फळीवर ठेवलं आणि माझ्यावर कुठले शब्द हवेत याची चर्चा सुरू झाली. हेमांगीच्या अभ्यासाची पद्धतच तशी होती. आधी घरच्यांना विचारायचं, मग शब्द पक्के करायचे. प्रभाताई म्हणाल्या, पाणी हवं, संडास हवं, दुखतंय हवं. दिनकरराव म्हणाले, "चहा ठेव. आणि 'पुरे' ठेव. या घरात ते कोणीतरी म्हणायला हवं." सगळे हसले. स्वरूपाही घशातून हसली.

मग प्रभाताईंची नजर माझ्या पाचव्या रांगेतल्या शेवटच्या चित्रावर गेली. हार घातलेला फोटो, समोर समई. खाली शब्द होता, 'मरण'.

"अगं बाई! हे काय अभद्र?" त्या म्हणाल्या. "शुभ बोल रे नाऱ्या! काढ आधी ते."

"काकू, सगळ्या तक्त्यांवर असतं. माणसाला लागतो तो शब्द."

"लागू दे. आमच्याकडे नको. वास्तू तथास्तु म्हणत असते, हेमांगी. ही बसली दिवसभर हात ठेवून त्याच्यावर, तर?"

दिनकरराव हळूच म्हणाले, "राहू दे गं. कधीतरी लागेल तिला."

"तुम्ही गप्प बसा हो!"

हेमांगीनं वाद घातला नाही. तिची आजीही हेच म्हणाली असती. तिनं पिशवीतून रंगीत फुग्यांचं चित्र काढलं, त्या फोटोवर चिकटवलं, खाली 'मज्जा' लिहिलं आणि वरून प्लास्टिक लावून टाकलं. प्रभाताईंचा जीव भांड्यात पडला.

आणि ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं, ती समोर बसून बघत होती. फुग्यांखाली काय झाकलं ते तिनं पाहिलं, खालचा शब्दही वाचला. तिला दिनकररावांनीच वाचायला शिकवलं होतं, वर्तमानपत्र मांडीवर धरून. तुला कुठला शब्द हवा गं, असं मात्र तिला एकानंही विचारलं नाही. तिच्या डोळ्यांकडे बघायला कुणाला कितीसा वेळ लागला असता?

पण पहिले चार महिने माझे सुखाचे गेले, खोटं कशाला बोलू! स्वरूपा माझ्यावर तुटून पडली. सव्वीस वर्षांचं साठलेलं होतं ते. दिनकररावांनी तिसरा कप हातात घेतला की 'बाबा', 'चहा', 'पुरे'. हेमांगी दर शुक्रवारी यायची, कॅमेरा लावायची, किती वेळा कुठल्या चित्रावर मूठ पडली ते कागदावर मांडायची. एकदा तिनं बेसनाचा तिसरा लाडू उचलला आणि स्वरूपानं ठोकलं, 'हेमांगी', 'भूक', 'पुरे'. हेमांगी लाडू हातात धरून हसत सुटली. "यार, ही तर माझी मापं काढते!" दिनकरराव लेकीकडे असे बघत होते की विचारू नका. त्यांना सव्वीस वर्षांनी लेकीचा टोमणा मिळाला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी दिनकररावांच्या छातीत कळ आली. स्वरूपाच्या डोळ्यांसमोर त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. दुपारी आणलं ते पांढऱ्या कापडात.

प्रभाताईंचा धाकटा भाऊ विनायक गाझियाबादहून धावत आला. त्यानं स्वरूपाला खुर्चीसकट, माझ्यासकट, समोरच्या शेजाऱ्यांच्या घरी नेऊन बसवलं. पडदा ओढला. पण पडदा आखूड होता. खालच्या अंगणातून चार माणसांनी तिच्या बाबांना उचलून नेलेलं तिनं पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या गळ्यातून जो आवाज आला तो ऐकून शेजारीण धावत आली आणि म्हणाली, "भूख लगी है क्या बेटा?"

संध्याकाळी विनायकमामा प्रभाताईंना म्हणाला, "ताई, हिला काही सांगू नकोस. कळणार काय आहे तिला? उगाच फिट यायची. नागपूरला गेलेत म्हण, काकांकडे."

प्रभाताईंच्या अंगात तेव्हा नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. आणि फिटची भीती खोटी नव्हती, वर्षापूर्वीच तिला मोठी फिट येऊन गेली होती. त्यांनी मान हलवली. ते एकदा ठरलं, आणि मग ते निस्तरता निस्तरता बाईच्या नाकी नऊ आले.

दिवसकार्य गाझियाबादला झालं. घरात फोटो लागला नाही. प्रभाताई लेकीसमोर पूर्वीसारखं ठसठशीत कुंकू लावून वावरायच्या. रोज फोन कानाला धरायच्या. "हो, जेवली. हो, औषध दिलं. तुम्ही जपा हो तिकडे." पलीकडे कोणी नसायचं. मग स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या शिट्ट्या चालू असेपर्यंत रडून घ्यायच्या.

स्वरूपानं पहिल्या आठवड्यात 'बाबा', 'कुठे' विचारलं. उत्तर आलं, नागपूर. मग एके दिवशी तिनं मूठ उचलली, दोनदा हुकली, तिसऱ्यांदा बरोबर नेऊन ठेवली. आधी 'बाबा'. मग पाचव्या रांगेतलं शेवटचं चित्र.

ती विचारत नव्हती, सांगत होती. बाबा गेले, मला माहीत आहे, तू एकटीनं रडू नकोस, एवढं सगळं त्या दोन ठोक्यांत होतं. शब्द झाकला होता, पण जागा तिला पाठ होती.

प्रभाताईंना फुगे दिसले. "हो गं राणी," त्या म्हणाल्या, "बाबांची मज्जा चाललीय तिकडे."

मी काय करणार होतो? चित्र जे दाखवतं तेवढंच मला बोलता येतं. त्या दिवसापासून मी त्या घरात खोटं बोलत होतो, आणि तेही तिच्या हातानं.

संक्रांतीला विनायकमामा आला. चौदा जानेवारीला दिनकरराव दरवर्षी लेकीला गाडीत घालून पानिपतला काला अंबला न्यायचे, स्मारकापाशी तिची खुर्ची उभी करून तिला लढाई सांगायचे. ते कधीच चुकवत नसत. या वर्षी ती सकाळपासून दाराकडे तोंड करून बसली होती. मामानं तिच्या ओठांत तिळगूळ भरवला. "घे, गोड गोड बोल!"

तिनं तिळगूळ थुंकला. मूठ आपटली, 'बाबा', आणि शेवटचं चित्र. पुन्हा. पुन्हा. माझं प्लास्टिक त्या कोपऱ्यात तडकलं.

"बघ ताई, किती खूश आहे!" मामा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, तिला काही कळत नाही?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हात असते तर बरं झालं असतं.

आता हेमांगीचं सांगतो. तिला खरं माहीत होतं. प्रभाताईंनी तिच्याकडून शब्द घेतला होता. अभ्यासासाठी आलेल्यानं घरच्या गोष्टींत पडायचं नाही, असंही तिला शिकवलेलं. ती शुक्रवारी येत राहिली, मोजत राहिली. 'बाबा', 'मज्जा' या जोडीपुढे तिनं कागदावर लिहिलं, 'चुकीचा वापर'. ती स्वरूपाला विचारू शकली असती, फक्त डोळे वर नेण्याएवढा प्रश्न. तिनं विचारला नाही. विचारला असता आणि डोळे वर गेले असते, तर मग दिलेल्या शब्दाचं काय करायचं? म्हणून मोजणं बरं पडलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात स्वरूपानं मूठ उचलणं थांबवलं. मला समोर ठेवलं की मान दुसरीकडे. पाण्यासाठीही नाही. प्रभाताई कासावीस झाल्या. हेमांगीनं आपल्या मार्गदर्शक चेतना मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "होतं असं. सुरुवातीचा उत्साह ओसरतो. 'वापर सोडला' असं लिही आणि पुढे चल."

हेमांगीनं लिहिलं. पण मे महिन्यात ती सगळं चित्रीकरण पहिल्यापासून बघायला बसली, आणि शब्द ठरवण्याच्या दिवसापाशी थांबली. पडद्यावर मोठी माणसं एकमेकांशी बोलत होती. दिनकरराव म्हणत होते, कधीतरी लागेल तिला. आणि खुर्चीतली मुलगी त्यांच्याकडे बघून डोळे वर नेत होती. हो. हो. पुन्हा हो. मग हेमांगीचाच हात आला आणि त्यानं फुगे चिकटवले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती द्वारकेला आली. चप्पलसुद्धा काढली नाही. "काकू, तिला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून माहीत आहे. ती आपल्याला सांगत होती. सहाशे बारा वेळा सांगितलं तिनं, काकू. मी मोजलंय. मी नुसतं मोजलं."

प्रभाताईंनी माझ्यावरच्या फुग्यांकडे पाहिलं. कळलं तशा त्या उठल्या, स्वरूपाच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसल्या. साडेपाच महिने जे शब्द कुकरच्या शिट्टीत लपवले होते ते तोंडातून बाहेर पडले. "बाबा गेले गं. तुझे बाबा गेले. मी खोटं बोलले तुझ्याशी." आणि मोकळं होऊन रडल्या. हेमांगी दाराला टेकून रडत होती.

स्वरूपा रडली नाही. तिचं रडून झालं होतं. रोज, भर दिवसा, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एकटीनं तिनं ते उरकलं होतं. तिनं आईकडे शांतपणे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

हेमांगीनं मग प्रबंधात ते सगळं लिहिलं, चूक कुणाची तेही लिहिलं. मॅडमनी ते प्रकरण छोटं करायला सांगितलं. किती छोटं झालं मला माहीत नाही. ती अजून येते, मोजायला नाही, नुसती. दिनकररावांचा फोटो आता बैठकीत लागला आहे. हेमांगीनं चाळीस शब्दांचा नवा तक्ता करायला घेतला, तर प्रभाताई म्हणाल्या, "तिला विचार आधी." विचारलं. डोळे वर गेले नाहीत.

म्हणून अजून मीच आहे, तडकलेल्या कोपऱ्यासकट. रोज सकाळी प्रभाताई मला ओल्या फडक्यानं पुसतात, स्वरूपापुढे ठेवतात आणि समोर स्टुलावर बसतात. आता त्या तिला सगळं खरं सांगतात. पेन्शनच्या कचेरीत आज माणूस वाकडं बोलला. काल मला तुझ्या बाबांचा आवाज आठवेना, फार घाबरले. ती ऐकत असते, हे दिसतं. उत्तर देत नाही. अर्ध्या तासानं प्रभाताई मला उचलतात आणि कामाला लागतात.

बाबांनो, तुमच्या घरात न बोलणारं कोणी असेल, तर त्याच्यासमोर त्याचे शब्द तुम्ही ठरवू नका. आणि दुःखाची बातमी त्यालाही त्याच दिवशी सांगा. त्याला पेलेल का, ही काळजी नंतर करा. एकट्याला पेलायला लावलंत, तर ते पेलतंच, पण मग तुमच्याकडे परत येत नाही.

आणि बये स्वरूपा, तुला एक सांगायचं राहिलं. चौथ्या रांगेत माझ्यावर 'राग' आहे. तू त्याला कधी हात लावला नाहीस. आज लाव. हवा तेवढा वेळ आपट, मी फुटलो तरी चालेल. तुझी आई समोर बसली आहे, आणि तिनं आज कुकर लावलेला नाही.