कालवांचं इंग्रजी

मला इंग्रजीचे जे शंभरेक शब्द येतात ते सगळे खाण्याचे आहेत. ऐंशी ओलांडली तरी विसरले नाहीत. क्रिस्पी म्हणजे कुरकुरीत, स्टिकी म्हणजे चिकट, स्लो फायर म्हणजे मंद आच. ज्या बाईंनी ते शिकवले त्या तैवानच्या होत्या, आणि शिकवले ते तारापूरच्या एका बंगल्याच्या मागच्या ओट्यावर, सदुसष्ट-अडुसष्ट साली.

तेव्हा तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. माझे यजमान नागोराव मुखेडकडून सळया बांधायच्या कामावर आले आणि मागोमाग मी आले. आम्ही ठेकेदाराच्या पत्र्याच्या चाळीत राहायचो. मी समुद्र तिथेच पहिल्यांदा पाहिला. पहिले आठ दिवस मला वाटायचं, हे पाणी रात्री आत येणार.

वर्षभरात नागोराव खोकायला लागले. कामगारांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने क्षय सांगितला. रोज एक इंजेक्शन. ते फुकट मिळायचं, पण हजेरीपटावर नाव असेपर्यंतच. त्यांच्या भागाचं काम शिमग्याला संपणार होतं. त्यानंतर नाव जाणार, खोली जाणार आणि इंजेक्शनही जाणार. आमच्या गावाकडून इंजेक्शन देणारा दवाखाना बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर होता. रोज कोण नेणार?

मी वॉल्टर नावाच्या अमेरिकन साहेबांकडे भांडी-धुण्याला जायचे. त्यांची बायको म्हणजे या बाई, सू-चिन. सगळे त्यांना चिनी मडम म्हणत. चीनशी झालेल्या लढाईला पाच-सहा वर्षंच झाली होती. बोईसरच्या बाजारात एकदा कुणी त्यांच्या पायाशी थुंकलं, तेव्हापासून त्या बंगल्याबाहेर फारशा पडत नसत. घरातला आजार मी त्यांना सांगितला नव्हता. परक्या लोकांचं घर, कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं. मी हात कार्बोलिक साबणाने धुवायचे, माझा कप वेगळा ठेवायचे आणि गप्प राहायचे.

त्या काळात कमळी नावाची मच्छीवाली ओहोटीला खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं फोडून बंगल्यांवर विकायला आणायची. बाईंनी तिच्या टोपलीत पहिल्यांदा कालवं पाहिली आणि खालीच बसल्या. त्यांची आई देवळाबाहेर गाडी लावायची, तव्यावर कालवांचं ऑम्लेट करून विकायची. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी त्यांनी नुसतं तव्यासारखं हाताने गोल दाखवलं आणि डोळे पुसले.

कालवं होती, अंडी होती, पण त्याला रताळ्याचं पांढरं पीठ लागायचं आणि ते इथे मिळत नव्हतं. त्यांनी रताळं दाखवलं, पाणी दाखवलं, पिठाने पांढरा केलेला हात दाखवला. माझ्या ध्यानात आलं, यांना चीक पाहिजे. आम्ही कुरडयांना गव्हाचा चीक काढतो, तसाच. मी रताळी किसली, फडक्यातून पिळली, पाणी रात्रभर निवळत ठेवलं आणि सकाळी वरचं पाणी ओतून तळाचा साका त्यांच्यापुढे धरला. बाईंनी बोट बुडवून चाटलं आणि मला मिठीच मारली. मी अंग चोरलं. त्यांना वाटलं, लाजले.

तिथून शिकवणी सुरू झाली. दुपारी स्टोव्ह मागच्या ओट्यावर यायचा. बाई गाडीवाली व्हायच्या, मी गिऱ्हाईक.

"व्हॉट यू वॉन्ट? वन प्लेट, टू प्लेट?"

"वन प्लेट."

"स्पायसी?"

"लिटल स्पायसी."

"वेट. नॉट रेडी. ओके, केअरफुल, व्हेरी हॉट!"

मग वरून टोमॅटो, गूळ आणि मिरचीचा सॉस ओतायचा. तो रेड सॉस. "रेड सॉस कमिंग!" असं ओरडूनच ओतायचा, कारण त्यांची आई तसंच ओरडायची, त्यांच्या भाषेत. बाईंचं स्वतःचं इंग्रजीही असंच तैवानातल्या अमेरिकन लष्करी विमानतळाच्या खानावळीत ताटल्या उचलता उचलता आलेलं. सडवलेल्या टोफूचं सांगताना त्या नाक धरायच्या. मी किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बोट करायचे. मग दोघी हसायचो.

कमळी दारात बसून हे बघायची. "काय गो राहीबाय, तुजी मडम कालवांत अंडा घालते? येडी हाय का ती? आमी तर नुस्ता मसाला लावतो."

"तिच्या गावी तसंच करतात."

"आन् तू काय बोलते तिच्यासंगं ठ्यां ठ्यां? मला पन शिकव. पैसं जास्त घेईन मडमकडनं."

बाईंच्या गावी माणूस भेटला की आधी विचारतात, जेवलात का. आमच्याकडेही तेच. म्हणून माझं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "हॅव यू ईटन?" सकाळी बंगल्यात पाऊल टाकलं की मी हे विचारायचे. त्या म्हणायच्या, "ईटन, ईटन. यू?" मी उपाशी असले तरी "ईटन" म्हणायचे.

माघात बाईंनी बातमी आणली. परदेशी कुटुंबांसाठी एक लहान दवाखाना निघत होता. तिथे आया पाहिजे होती, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. राहायला खोली, आणि घरच्या माणसाला औषधपाणी फुकट. बाईंनी माझं नाव दिलंही होतं. त्या स्वतः महिन्याभरात अमेरिकेला जाणार होत्या.

मी नागोरावांना सांगितलं. ते भिंतीला टेकून बसले होते. "राहे, तुला इंग्रजी येतं का खरंच?"

"येतं की. ऐकता का? वन प्लेट, लिटल स्पायसी."

ते हसले आणि हसता हसता खोकले. मग म्हणाले, "दोन प्लेट सांग. मला भूक लागली."

मुलाखतीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत बाईंना एवढंच विचारायचं होतं, खोकल्याला काय म्हणतात, तापाला काय, रक्ताला काय. रोज ठरवून जायचे. ओट्यावर बसले की वाटायचं, विचारलं तर त्या म्हणतील, कुणाला खोकला? आणि माझा चेहरा त्यांना लगेच कळायचा. मी विचारलं नाही. बाईंनी त्यांच्या परीने तयारी करून घेतली. "स्माइल. नॉट स्केअर्ड," म्हणायच्या आणि पुन्हा स्टोव्ह पेटवायच्या. आम्ही कालवं तळत बसलो.

मुलाखतीच्या दिवशी पहाटे नागोरावांच्या रुमालावर पहिल्यांदा रक्त दिसलं. मी रुमाल भिजत घातला, नऊवारी नीट केली आणि गेले.

टेबलामागे एक गोरी डॉक्टरीण होती आणि शेजारी आपल्याकडचे एक साहेब. मी हात जोडले. "गुड मॉर्निंग. हॅव यू ईटन?"

डॉक्टरणीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. साहेब म्हणाले, "बाई, ही खानावळ वाटली का तुम्हाला?" तरी त्या दोघांनी मला बसवलं. नाव विचारलं, ते सांगितलं. पाणी आणायला सांगितलं, "हॉट ऑर कोल्ड?" मी विचारलं, तेव्हा डॉक्टरीण मान हलवून हसली. मला वाटलं, झालं काम.

मग तिने काहीतरी लांबलचक विचारलं. साहेबांनी मराठीत सांगितलं, "समजा, रोग्याला खोकला आला आणि खोकल्यातून रक्त पडलं. नर्सला काय सांगाल? इंग्रजीत सांगा."

माझ्या डोळ्यांपुढे बादलीतला रुमाल आला. खोकल्याचा शब्द नव्हता, रक्ताचा नव्हता. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"सिस्टर," मी म्हणाले, "वेट. केअरफुल. रेड सॉस कमिंग."

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. डॉक्टरीण हसली नाही. ती हळूच साहेबांशी काही बोलली. साहेब म्हणाले, "त्या म्हणतात, बाई चांगली आहे, पण इथे जिवाचा प्रश्न असतो."

मी म्हणाले, "माझाबी जिवाचाच हाय, साहेब." त्यांनी तोवर पुढचं नाव पुकारलं होतं. बाहेर बाकावर वाणगावची एक मुलगी बसली होती, मिशनच्या शाळेत शिकलेली. ती आत गेली.

बंगल्याच्या फाटकात बाई उभ्याच होत्या. "जॉब?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडावर एवढी आशा होती की मला खरं बोलवेना. मी मान हलवली. "येस. जॉब." त्यांनी टाळ्या वाजवल्या. कमळीकडची सगळी कालवं विकत घेतली, दोन प्लेट ऑम्लेट केलं आणि एक माझ्याबरोबर घरी दिलं. नागोरावांनी तीन घास खाल्ले. "चिकट आहे," म्हणाले. "पण बरं आहे." नोकरीचं त्यांनी विचारलं नाही.

दवाखाना उघडायच्या आधीच बाई अमेरिकेला गेल्या. त्या दिवशी मोटारीत बसताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, "हॅव यू ईटन?" मी म्हणाले, "ईटन." त्यांनी एका कागदावर दवाखान्याचं नाव लिहून घेतलं होतं. तो कागद मला दाखवला, पर्समध्ये ठेवला आणि लिहिल्यासारखं हवेत बोट फिरवलं. त्या पत्र पाठवणार होत्या.

शिमग्यानंतर आम्ही खोली सोडली. ट्रंक डोक्यावर घेऊन मी पुढे चालले होते, नागोराव दर दहा पावलांवर थांबत होते. बोईसर स्टेशनावर कमळी भेटायला आली. "जातेस गो?" एवढंच म्हणाली आणि सुक्या कोळंबीचं पुडकं हातात कोंबलं.

गावी इंजेक्शनं मिळाली नाहीत. ज्येष्ठात नागोराव माझ्या मांडीवर गेले. शेवटची उबळ आली तेव्हा मी त्यांची पाठ धरून बसले होते आणि डोक्यात तेच दोन शब्द फिरत होते. वेट. केअरफुल. पुढचा शब्द येऊ नये म्हणून मी डोळे मिटून घेतले. तरी तो आला.

माझ्या भावाच्या नातीने मागे एकदा मला रक्ताचा इंग्रजी शब्द सांगितला. शब्द लहानच आहे. मी तो पाठ केला नाही.

बाईंनी पत्र पाठवलंच असणार. एक नाही, चार-पाच तरी. ती सगळी त्या दवाखान्याच्या पत्त्यावर गेली असतील, आणि तिथे राहीबाई नावाची आया कधीच नव्हती.