झोक्याची पाटी

सुंदरबाईने कोठीमागे हात घातला. झोक्याचा दोर सापडला, पाटी सापडली नाही. बाहेर ओट्यावर चुडामण, तिचा नवरा, कानस चालवत बसला होता. त्याच्यापुढे मालगाडीची हातभर वाघीण, मालडब्याची लहान प्रतिकृती, उभी होती. बाजू नाहीत, छप्पर नाही. सपाट सागवानी तळ आणि खाली पितळी चाकं. तळाच्या दोन्ही टोकांना दोराने घासलेली भोकं होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोरना झोकानी पाटी कापी तुम्ही?"

"जुनं साग शे. तळले असंच लाकूड लागस."

चुडामणने भुसावळच्या यार्डात उभी हयात अशा वाघिणींचे तळ बसवले होते. पासष्टच्या लढाईत त्यांच्यावर लादून रणगाडे गेले आणि पुढे त्या भंगारात निघाल्या. निवृत्त होऊन धुळ्याला आल्यावर तो त्याच लहान करून घडवू लागला, फुटाला अर्धा इंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात. मागच्या आखाजीनंतर लेकीला, पुष्पाला, न्यायला आलेला जावई हसत म्हणाला, "सरकारनं फेकलं ते मामांनी घरात आणलं." तेव्हापासून चुडामणने तिच्या सासरचं, साक्रीचं, तोंड पाहिलं नव्हतं. माहेरचं माणूस न्यायला गेल्याशिवाय लेक सासरहून निघत नाही, आणि पुष्पाला भाऊ नव्हता.

"परोदिन आखाजी शे. पोरले लेवाले कोन जाई?"

"मी जावाव नही. मनी वाघिणले भंगार म्हने तो."

"म्हने जवाई. पोरनी काय करं?"

चुडामणने फुंकरीने भुसा उडवला.

"आते पाटीबी नही. येईसन कशावर बसी?"

 सुंदरबाईने वाघीण उचलली, रस्त्याकडेच्या निंबाखाली नेली, त्याच भोकांतून दोर ओवला आणि आल्यागेल्याला दिसेल अशी टांगून दिली. पाहू दे गावाला, या माणसाने काय केलं ते. चाकं हवेत गरगरत राहिली.

शेजारची शेवंताबाई हंडा घेऊन थांबली.

"पुष्पा उनी का वं?"

"तिना बापले इचार."

चुडामण लालबुंद होऊन ओट्यावरून उतरला. तो वाघीण सोडून घरात नेणार, हे सुंदरबाईने गृहीतच धरलं होतं. त्याने दोराला हात लावला नाही. पक्कड घेतली आणि खालची चाकं एकेक करून उपटली. वर्षभराचं काम धुळीत पडलं. मग तळावर तळहात दाबून त्याने वजन टाकून पाहिलं.

"अरुंद व्हयनी," तो म्हणाला. "वर गोधडी टाक."

खुंटीवरची टोपी घेऊन तो साक्रीची मोटार धरायला स्टँडच्या रस्त्याला लागला. सुंदरबाईचा राग अजून उतरला नव्हता. तिने त्याला भाकर बांधून दिली नाही. गोधडी मात्र उन्हात टाकली.