खिडकीजवळची खुर्ची

डोळ्यांतला पिवळेपणा ट्यूबलाइटखाली लवकर कळत नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीपासून हातभर अंतरावर, खालची पापणी जराशी ओढली की तो पांढऱ्या भागात दिसू लागतो. जुन्या पुस्तकाची पानं कडेनं पिवळी पडतात, तसा. धाकटीनंच हे एकदा बोलता बोलता ताईला सांगितलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात ताईनं शिलाई मशीन खिडकीजवळून हलवून आतल्या भिंतीला, ट्यूबलाइटखाली नेलं. विचारलं तर म्हणाली, उन्हानं कापडाचा रंग उडतो.

धाकटी विषाणूंच्या प्रयोगशाळेत होती. कावीळ बी झालेल्यांच्या रक्तातला विषाणू वर्षागणिक किती बदलला हे पाहायचं, हे तिचं काम. ताईलाही तीच कावीळ होती, तीसुद्धा दरवर्षी एक नळी रक्त देत आली होती. बहिणीचा हट्ट म्हणून, वर चार टोमणे मारून. त्या नळ्या बाकीच्यांबरोबर गोठवून ठेवल्या गेल्या. तपासायची त्यांची पाळी आली तोवर ताईच्या पोटात पाणी व्हायला लागलं होतं.

आता डॉक्टर म्हणत होते की हे लिव्हर काही फार दिवस निभावणार नाही, नवं बसवायला हवं. धाकटीचं जुळत होतं. तिच्यातला एक तुकडा काढून ताईला लावायचा, तेवढा ताईचा होकार यायचा होता. पण ताईला कधी शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आडवी यायची, कधी भावजींची रजा. भावजी फोनवर रडवेले व्हायचे आणि म्हणायचे, तू सांग, तुझं ऐकते ती. ताईनं जन्मात कधी तिचं ऐकलं नव्हतं.

त्या दुपारी धाकटी अर्धा दिवस सुट्टी टाकून आली. ताई परकराला टाके घालत होती. पूर्वी ती दोरा दातांनी तोडायची. आता हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून कात्री घ्यायची. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते.

"मास्तरीणबाई, एक विचारू?" ताई मान वर न करता म्हणाली. "मधे एकदा माझा रिपोर्ट चांगला आला होता ना? यांनी अख्ख्या जिन्याला आइस्क्रीम वाटलं होतं."

आला होता. धाकटीनंही दोन कप खाल्ले होते. विषाणू रक्तात सोडतो त्यातलं एक प्रथिन नाहीसं झालं होतं, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसू लागली होती. आजार आवरला, असंच सगळ्यांनी धरलं. ताईनं मग दवाखान्याची पायरी चढणंच सोडलं.

धाकटीनं सांगायला सुरुवात केली, नेहमीसारखी नीट, सावकाश. शरीर विषाणूला त्या प्रथिनावरून ओळखायला लागलं होतं आणि मारायला लागलं होतं. पण विषाणूच्या असंख्य नकलांत काही सदोष होत्या, त्यांना ते प्रथिन बनवताच येत नव्हतं. शरीराच्या नजरेतून त्याच निसटल्या, मागे उरल्या, वाढल्या. रिपोर्ट स्वच्छ आला आणि आत लिव्हर झिजत राहिलं.

"म्हणजे माझ्या अंगानं मापं लिहून ठेवली," ताई म्हणाली, "आणि गिऱ्हाईकानं अंगच बदललं. हुशार आहे मेला."

"हुशार नाही गं. त्याला डोकंच नाही. घाईघाईत नकला काढतो, चुका होतात. बहुतेक चुका मरतात, एखादी वाचते."

"डोकं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं." ताई हसली, मग खोकली. "आणि नव्या लिव्हरात येईल का तो?"

एवढ्या एका प्रश्नावर खोटं बोलावं, असं धाकटीच्या मनात येऊन गेलं. पण प्रयोगशाळेत पडद्यावर ताईच्याच रक्ताची वर्षं एकाखाली एक मांडून तिनं पाहिली होती. दर खेपेला शरीर नवं शस्त्र काढायचं आणि दर खेपेला ते मागच्या विषाणूला लागायचं. "रोज गोळी घ्यावी लागेल," ती म्हणाली. "बहुतेक दबून राहील."

"बहुतेक."

ताईनं परकर घडी करून बाजूला ठेवला. मशीनला टेकत उठली, खुर्ची सरकवत खिडकीशी नेली आणि उन्हात बसली. धाकटी हात द्यायला पुढे झाली, तर तिनं तो झटकला.

"ये. बघ नीट."

बघण्यासाठी पापणी ओढायचीही गरज नव्हती. हळदीचं बोट फिरवावं तसे दोन्ही डोळे. येताना धाकटीनं मनात सगळं जुळवून आणलं होतं, आकडे, डॉक्टरांचे शब्द, भावजींची रडकी विनवणी. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं. तिनं ताईचा हात धरला. तो गरम होता आणि बोटाला सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान तसंच राहिलं होतं.

"तुझ्या जिवाला धोका नाही ना, असं मी तुला डॉक्टरांना विचारायला सांगितलं होतं," ताई म्हणाली. "ते काय म्हणाले, ते तू मला कधी सांगितलं नाहीस."

धाकटीनं तिच्या बोटातलं अंगुस्तान काढून खिडकीत ठेवलं.

"मग मीच त्यांना विचारलं. बहुतेक नाही, असंच म्हणाले ते. दोन बहुतेक मी एका कापडावर बेतत नाही. मला तुझं लिव्हर नको. आज हे आले की त्यांनाही सांगणार आहे."