फुग्याची दाढी

ध्यानाच्या वर्गात न्हावी पहिल्याच दिवशी पहिला आला. "डोळे मिटा, शरीर सोडून द्या," असं गुरुजी म्हणाले. त्याने ते इतकं मनापासून सोडलं, की सतरंज्या गुंडाळून झाल्या तरी स्वारी परतली नाही. "याला म्हणतात एकाग्रता," गुरुजी इतरांना म्हणाले. बायकोने त्याला बखोटीला धरून घरी आणलं.

त्याला डिसोसिएशनचा आजार होता. म्हणजे हात काम करायचे आणि हा छतापाशी बसून बघायचा, जणू दुकान दुसऱ्याच कुणाचं. कात्रीपर्यंत ठीक, पण वस्तरा चालू असताना न्हावी गैरहजर, हे गिऱ्हाइकांना मानवत नाही. बायकोने वस्तराच बंद केला. वस्तऱ्याविना न्हावी म्हणजे नुसता गप्पिष्ट, आणि तसे फुकट मिळतात. दुकानाला कुलूप लागलं.

वर्गाची हकिगत ऐकून त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "तुम्हाला सोडायला काय शिकवायचं? आपण धरायला शिकू. डोळे उघडे, पाय रोवलेले, थोडाच वेळ. हाताला लागेल ते मोठ्याने बोलायचं. निघालोय असं वाटलं, की हात उचलून सांगायचं. धंदा कशावर शिकलात?"

"फुग्यावर. फेस लावून वस्तरा फिरवायचा. फुटला की थप्पड."

"थप्पड वगळू."

मग घरात फुगे फुटू लागले. यांच्याकडे रोज कुणाचा वाढदिवस असतो, याचं शेजाऱ्यांना कोडं पडलं. हळूहळू फुगे टिकायला लागले, आणि आज दवाखान्यातल्या खुर्चीत पहिला खरा गाल बसला. मेहुण्याचा. बायको आणि डॉक्टरीणबाई समोर बसून बघत होत्या. इथे जमलं तर दुकान उघडणार होतं.

"दाजी, मला दोन मुलं आहेत."

"मग हलू नकोस. वस्तरा थंड. फेस मऊ."

एक गाल झाला. दुसऱ्यावर वस्तरा टेकवला आणि आवाज लांब जाऊ लागले, खुर्ची बोटाएवढी झाली. आजवर तो गेल्याचं त्याला परतल्यावरच कळायचं. आज जातानाच कळलं. त्याने हात उचलला.

"निघालोय."

"अर्धी दाढी ठेवून?" मेहुणा ओरडला.

त्याने टाचा दाबल्या. "फरशी गार. आरसा. आरशात मेहुणा." खुर्ची पुन्हा खुर्चीएवढी झाली.

डॉक्टरीणबाई उठून उभ्याच राहिल्या. "जाताना पकडलंत स्वतःला. पहिल्यांदा."

"अहो, मग उरलेला गाल करा की," बायको डोळे पुसत खेकसली.

त्याने वस्तरा टेकवला. "गाल गरम. मेहुणा घाबरलेला."

"मेहुणा अजिबात घाबरलेला नाही."

"मेहुणा खोटारडा," न्हावी डोळे टक्क उघडे ठेवून म्हणाला, आणि हनुवटीकडे वळला.