गालानं दाबलेला स्टार

धनाजीचा फोन सापडेना, म्हणून शकुंतलानं आपल्या फोनवरनं भावाला रिंग दिली आणि ती सोप्यात कान देऊन उभी राहिली. फोन गादीखाली थरथरला. पण तिनं तो काढला नाही. आपलाच फोन कानाला धरून ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"दादा, हे काय लावलंयस?"

तिनं फोन त्याच्या कानाला लावला. बँजो, मागं हलगी आणि एक बाई ठसक्यात विचारत होती, हळदीला माझ्या येशील का रं, नाचून मला दमवशील का रं.

वडिलांना जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्या दहावा. आपल्याला फोन करणाऱ्याला काय ऐकू येतं, हे ज्याचा फोन त्याला कधीच कळत नाही. त्यामुळं नऊ दिवस शिराळा तालुक्यातले पाहुणे सांत्वनाला फोन करत होते, आधी हळदीत नाचत होते आणि मग रडत होते.

शेजारचे भाऊसो उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी खाकरून घेतलं.

"आमाला वाटलं, म्हाताऱ्याच्या आवडीचं आसंल."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"दुखवट्याच्या घरात कसं बोलायचं गड्या? हरीनं मयतीदिवशी फोन लावलावता तुला. मला म्हणला, बाप मेल्यावर हळद वाजीवणाऱ्याच्या दारात मी पाय ठेवत न्हाई."

धनाजी खाली बसला. पाच वर्षांपूर्वी मधल्या भिंतीवरून भांडून धाकटा भाऊ हरी सांगलीला गेला होता, तिथं त्यानं दुकान टाकलं होतं. म्हाताऱ्यानं शेवटच्या आठवड्यात एकच धोशा लावला होता, पिंडाला दोघंबी पायजेत. आणि हरी मयतीलाही आला नव्हता. पण अडलं होतं ते गाण्यापाशी असेल, तर गाणं काढता येत होतं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच धनाजीला बरं वाटलं.

फोनच्या कंपनीतल्या बाईचा आवाज सायीसारखा होता.

"सर, सेवा आपणच सुरू केली आहे. चौदा तारीख, दुपारी तीन चाळीस. समोरच्याची कॉलर ट्यून वाजत असताना आपण स्टार दाबलात, म्हणून तीच आपल्याला लागली. तीस रुपये कापले गेलेत."

तीन चाळीसला धनाजी दवाखान्यात होता. एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हातावर वडिलांची मान, आणि खांद्यात फोन दाबून तो गाडीवाल्याला बोलावत होता. हे गाणं गाडीवाल्याचं.

"बाई, त्यो माजा गाल हुता."

"समजू शकते, सर. पण आपली संमती नोंदलेली आहे."

"वडील वारलेत माजे."

पलीकडं क्षणभर कीबोर्डची टकटक झाली.

"वाईट वाटलं ऐकून, सर. अशा प्रसंगी आपण भजन निवडू शकता. महिना एकोणचाळीस."

"बंद करा."

"बहात्तर तासांत होईल, सर."

बहात्तर तासांत दहावा उरकून बारावं येणार होतं. धनाजीनं हरीला फोन लावला. चौथ्या रिंगला तो उचलला गेला. धनाजीनं सगळं सांगितलं, सलाईन, गाडीवाला, गाल, तीन चाळीस. यात आपली चूक नाही हे भावाला पुराव्यासकट सांगायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

"आजून बटनाचाच फोन हाय न्हवं?" हरीनं विचारलं.

"व्हय."

"मग गालानंच दाबलं आसणार. लय जणांचं हुतंय. कंपनीला कशाला फोन केलास? नंबर सांगतो, लिहून घे. त्याच्यावर मेसेज टाक, अर्ध्या तासात जातंय."

नंबर त्यानं एका दमात सांगितला. मागं कुणीतरी रिचार्ज मागत होतं.

"पाठ हाय तुला," धनाजी म्हणाला.

"दिवसाला धा-बारा गिऱ्हाईकं हेच घिऊन येत्यात. दुकान कशावर चालतंय मग?"

मयतीच्या दिवशीही हरीचं दुकान ह्यावरच चालत होतं. फोन कटला असं वाटून धनाजीनं तो कानावरनं काढून बघितला, तर सेकंद पुढं सरकत होते.

"उद्या आठला नदीवर..." त्यानं सुरुवात केली.

"बगतो," हरी म्हणाला. "गिऱ्हाईक हाय."

शकुंतला पिठाचे हात तसेच धरून दारात उभी होती.

"काय म्हणला? येतोय?"

धनाजीनं नंबर लिहिलेल्या कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"अर्ध्या तासात बंद हुईल म्हणला."