कानाचं माप

त्वचारोग विभागातल्या फोटोवाल्या बाई बावीस वर्षं जमिनीवरच्या एकाच खुणेवर उभ्या राहून फोटो काढत आल्या होत्या. खूण हलवायची नाही, लेन्स बदलायची नाही, हा त्यांचा नेम. डाग वाढला की आटला, हे डॉक्टर त्या फोटोंवरून ठरवत.

मग जुना कॅमेरा कायमचा बंद पडला आणि नवा आला. लेन्स तीच बसत होती, फक्त आतला, चित्र टिपणारा सेन्सर दीडपट मोठा. पहिल्या दिवसापासून बाईंना काही सुधरेना. खुणेवर उभं राहिलं की समोरचा माणूस मागे सरकल्यासारखा दिसे. पडदा, खुंटी, नको ते सगळं चौकटीत घुसे. पाय आपोआप पुढे जायला बघत. पण बाई हट्टानं खुणेवरच राहिल्या. होईल सवय, असं स्वतःला बजावत राहिल्या.

सोमवारी बेकरीवाले काका आले. त्यांच्या मानेवर, कानाखाली काळपट डाग होता. शेजारच्या खोलीत तरुण डॉक्टरीणबाईंनी मागचा आणि आजचा फोटो संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी लावला.

“सुटलात काका! चांगलाच आटलाय. शस्त्रक्रिया राहू दे, तीन महिन्यांनी या.”

काका जाताना खुशीत डोकावले. “ताई, तुमच्या फोटोचा पायगुण!”

बाई हसल्या खऱ्या, पण एक शंका सुटेना. डाग आटला, की फोटोतच लहान आला?

त्यांनी दोन्ही फोटो उघडले. डागाकडे बघायचं धाडस होईना, म्हणून आधी कानाला फूटपट्टी लावली. मागच्या महिन्यात पडद्यावर बारा सेंटिमीटर, आज आठ. साठीच्या माणसाचा कान महिन्याभरात कुठे जाईल? मग डाग मोजला. तेव्हा सहा, आज साडेचार. कानाच्या हिशेबानं दीडनं गुणलं. पावणेसात. म्हणजे डाग वाढला होता.

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? हा विचार मनात आला मात्र, त्या तशाच उठल्या आणि रांगेतल्या माणसांना ओलांडून आत शिरल्या.

“डॉक्टर, चूक माझी आहे. काकांना परत बोलवा.”

डॉक्टरीणबाईंनी आकडे दोनदा पाहिले. “बाई, कॅमेरा बदलल्याचं मला सांगायचंत तरी!”

“मला वाटलं, नुसता सवयीचा प्रश्न आहे.”

फोन दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा काकांनी उचलला. भट्टीपाशी होते म्हणाले. गुरुवारी डाग काढला, तो वेळेत निघाला.

पण नव्या कॅमेऱ्यानं आणखी चौदा जणांचे फोटो काढले होते. बाई दोन दिवस नखं, तीळ, पापण्या मोजत बसल्या. जेवणाचा डबा उघडायचंही भान नव्हतं. तेरा जणांचा हिशेब लागला. उरल्या एक आजीबाई. त्यांच्या पोटरीच्या फोटोत कातडीखेरीज मोजण्यासारखं काहीच नव्हतं, आणि त्यांनाही डाग कमी झाल्याचं सांगून घरी पाठवलं होतं.

शुक्रवारी आजीबाई आल्या. डॉक्टरीणबाईंनी पोटरीलाच पट्टी लावली, मोजमापाची जुनी नोंद काढली. डाग होता तेवढाच होता.

बाई भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या.

आजीबाईंनी वाकून त्यांच्याकडे पाहिलं. “अगं बाई, आजारी मी, का तू?”